वेगाच्या खेळातील उपेक्षित प्रेक्षक

१९ जून २००५ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतमैदानावर लाखभर प्रेक्षक फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रां प्रि पाहण्यासाठी जमले होते. शर्यतीपूर्वीच्या परिक्रमेसाठी वीस मोटारी ट्रॅकवर उतरल्या. परिक्रमा संपत आली आणि एकामागून एक चौदा मोटारी प्रारंभरेषेकडे न जाता पिट लेनमध्ये वळल्या. रेषेवर उरल्या केवळ सहा. दिवे विझले, सहा मोटारी सुटल्या आणि क्षणभर प्रेक्षकांना काय घडते आहे हेच उमगेना. उमगले तेव्हा हुर्यो उडवण्यास सुरुवात झाली. ट्रॅकच्या दिशेने बाटल्या आणि बिअरचे डबे भिरकावले गेले. अनेकांनी शर्यत अर्ध्यावर टाकून बाहेरची वाट धरली. दूरदूरच्या राज्यांतून मोटारी हाकत आलेल्या, हॉटेलांचे भाडे भरून बसलेल्या या माणसांना त्या दिवशी जे पाहावे लागले, त्याला शर्यत म्हणावे की शर्यतीची औपचारिकता, हा प्रश्न फॉर्म्युला वनच्या जगात आजही अधूनमधून डोके वर काढतो.

या प्रसंगाचे मूळ दोन दिवस आधीच्या सरावात होते. मैदानाच्या तेराव्या, उतरत्या चढणीच्या वळणावर राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा मागचा डावा टायर फुटला आणि मोटार भिंतीवर आदळली. टायर मिशेलिनचा होता. सात संघ मिशेलिनचे टायर वापरत होते. फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी हे तीन ब्रिजस्टोनचे. त्या वळणावरचा दाब आपले टायर पूर्ण वेगात सहन करतील याची हमी देता येत नाही, असे मिशेलिनने प्रांजळपणे कळवले. वळणाआधी नागमोडी अडथळा घालून वेग कमी करावा, अशी सूचना पुढे आली. बहुतेक संघ तयार होते, फेरारी नव्हता. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने (एफआयए) ती साफ फेटाळली. योग्य टायर घेऊन आलेल्यांना शिक्षा का, हा महासंघाचा मुद्दा तर्काला धरून होता. टायर असुरक्षित असताना चालकाला ट्रॅकवर कसे पाठवायचे, हा संघांचा मुद्दाही तितकाच रास्त होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असताना तिसरी बाजू, म्हणजे तिकीट काढून बसलेला माणूस, या वाटाघाटीत कुठेच नव्हता.

त्यात २००५ सालचा एक नियम आगीत तेल ओतणारा ठरला. त्या हंगामात पात्रता फेरी आणि शर्यत मिळून टायरचा एकच संच वापरायचा होता. शर्यतीत टायर बदलण्यास मनाई होती. खर्च आणि वेग आटोक्यात राहावा, हा हेतू. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात नूरबर्गरिंगवर किमी रायकोनेन आघाडीवर असताना चपटा पडलेला टायर बदलू शकला नाही आणि हादऱ्यांनी अखेरच्या फेरीत त्याचे सस्पेन्शन मोडले. शर्यत फर्नांडो अलोन्सोने नेली. पुढच्याच हंगामात टायर बदलण्याची मुभा परत आली. इंडियानापोलिसच्या प्रेक्षकांना मात्र त्याचा काय उपयोग?

भारतीय प्रेक्षकाच्या मनात या शर्यतीची जागा आणखी विचित्र आहे. मायकेल शूमाकर पहिला, रुबेन्स बॅरिकेलो दुसरा, जॉर्डनचा टियागो मोंटेरो तिसरा आणि चौथा आला नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाने गुण मिळवण्याची ती पहिलीच वेळ, आणि आजवरची एकमेव. पाच गुण. ज्या चौथ्या क्रमांकाचा इथे अभिमानाने उल्लेख होतो, तो जगभरच्या शौकिनांच्या लेखी या खेळातील सर्वांत लाजिरवाण्या दुपारचा भाग आहे. यात कार्तिकेयनचा काडीचाही दोष नाही; सहा मोटारींत का होईना, तो शेवटपर्यंत धावला आणि मिनार्डीच्या दोन्ही मोटारींच्या पुढे राहिला.

मिशेलिनने नंतर तिकिटांचे पैसे परत करण्याची तयारी दर्शवली आणि पुढच्या वर्षीच्या शर्यतीची वीस हजार तिकिटे स्वतः विकत घेऊन वाटण्याचे जाहीर केले. महासंघाने संघांना आधी दोषी धरले आणि महिनाभरातच तो निर्णय मागे घेतला. २००६ अखेरीस मिशेलिन फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली. २००७ नंतर इंडियानापोलिसवर ही शर्यत झाली नाही. अमेरिकेत फॉर्म्युला वन परतली ती २०१२ मध्ये, टेक्सासमधील ऑस्टिन येथे.

फॉर्म्युला वनच्या चाहत्याइतका आपल्या आवडत्या खेळावर वैतागलेला प्रेक्षक दुसऱ्या खेळात क्वचितच आढळेल. ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ हे वाक्य क्रिकेटमध्येही ऐकू येते. पण येथे तक्रारीचे स्वरूप निराळे आहे. क्रिकेटमध्ये संघ वाईट खेळला म्हणून राग येतो; फॉर्म्युला वनमध्ये खेळू दिले नाही म्हणून. म्हणजे शर्यत चालकांनी चाकावर नव्हे, तर कोणी तरी कागदावर, रेडिओवर किंवा नियंत्रणकक्षात ठरवली, ही भावना बहुतेक मोठ्या रोषांच्या तळाशी असते.

१२ मे २००२ची ऑस्ट्रियन ग्रां प्रि हे याचे नामांकित उदाहरण. फेरारीचा बॅरिकेलो सुरुवातीपासून आघाडीवर होता. त्या हंगामातील पहिल्या पाचपैकी चार शर्यती शूमाकरने जिंकल्या होत्या. त्याला गुणांची निकड मुळीच नव्हती. तरीही संघाने रेडिओवरून आदेश दिला आणि अखेरच्या वळणानंतर, समाप्तीरेषा डोळ्यांसमोर असताना, बॅरिकेलोने वेग कमी करून सहकाऱ्याला पुढे जाऊ दिले. प्रेक्षकांनी विजेत्याची हुर्यो उडवली. ओशाळलेल्या शूमाकरने बॅरिकेलोला विजेत्याच्या पायरीवर उभे केले, तर महासंघाने त्याबद्दलच दहा लाख डॉलरचा दंड ठोठावला. हा दंड शर्यत फिरवल्याबद्दल नव्हता. बक्षीस समारंभाचा शिष्टाचार मोडल्याबद्दल होता. सांघिक आदेश त्या वेळी नियमाबाहेरचे नव्हतेच! लोकांचा संताप पाहून २००३ पासून निकालावर परिणाम करणाऱ्या आदेशांवर बंदी आली. मात्र रेडिओवर सूचक बोलण्यास कोण अडवणार? २०१० मध्ये हॉकेनहाइमला फिलिप मासाला ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे’ एवढेच सांगण्यात आले आणि तो बाजूला झाला. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला आणि त्या हंगामानंतर बंदीच उठवण्यात आली, कारण ती पाळून घेणे अशक्य होते. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने पाहिले तर हे बरेच झाले. निदान आता आदेश उघडपणे ऐकू येतात.

याहून वाद माजवला तो १२ डिसेंबर २०२१च्या अबूधाबीच्या शर्यतीने. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन हंगामातील शेवटच्या शर्यतीला समसमान ३६९.५ गुणांनी आले होते. हॅमिल्टन निवांत आघाडीवर असताना अवघ्या पाच फेऱ्या उरल्या असता निकोलस लतिफीची मोटार भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार बाहेर आली. व्हर्स्टापेनने पिटमध्ये जाऊन नवे मऊ टायर चढवले; हॅमिल्टन जुन्याच टायरवर राहिला. एका फेरीने मागे पडलेल्या आठ मोटारी मध्ये अडकल्या होत्या. नियमाचा रूढ अर्थ असा, की अशा सर्व मोटारींना पुढे जाऊ द्यायचे आणि त्यानंतरची फेरी संपल्यावर सेफ्टी कार आत घ्यायची. तसे केले असते तर शर्यत सेफ्टी कारमागेच संपली असती आणि हॅमिल्टन आठव्यांदा जगज्जेता झाला असता. शर्यत संचालक मायकेल मासी यांनी केवळ हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन यांच्यामधल्या पाच मोटारींना पुढे सोडले आणि त्याच फेरीअखेर सेफ्टी कार आत बोलावली. उरलेल्या एका फेरीत व्हर्स्टापेनने पाचव्या वळणावर हॅमिल्टनला गाठले आणि पहिले जगज्जेतेपद मिळवले.

येथे चाहते सरळ दोन तटांत विभागले गेले आणि अद्याप विभागलेलेच आहेत. एका बाजूचे म्हणणे, की निर्णायक शर्यत सेफ्टी कारमागे संपवणे हा प्रेक्षकांचा विश्वासघात ठरला असता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, की प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी नियम वाकवला, तर तो खेळ उरत नाही, तमाशा होतो. मार्च २०२२ मध्ये महासंघाच्या अहवालाने मासी यांचा हेतू प्रामाणिक होता असे म्हणत मानवी चूक मान्य केली. त्यापूर्वीच त्यांना पदावरून दूर करण्यात आले होते. नियमाचा मजकूरही ‘सर्व मोटारी’ असा स्पष्ट करण्यात आला. निकाल कायम राहिला. व्हर्स्टापेन त्या वर्षी विजेतेपदास पात्र नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हंगामभर तो तितकाच सरस होता. मात्र ती एक फेरी त्याच्या नावाला चिकटली आहे.

त्या ३६९.५ मधला अर्धा गुण कुठून आला, याचीही एक कहाणी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे पावसाने शर्यत सुरूच होऊ शकली नाही. प्रेक्षक रेनकोट घालून चिखलात तासन्‌तास उभे राहिले. संध्याकाळी सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या काढण्यात आल्या, कोणी कोणाला ओलांडले नाही, आणि निकाल लावून अर्धे गुण वाटण्यात आले. प्रेक्षकांना पैसे परत मिळावेत, असे खुद्द हॅमिल्टनने म्हटले. पुढच्या वर्षी नियम बदलला : सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याखेरीज गुण नाहीत. फॉर्म्युला वनच्या नियमपुस्तकात अशी कलमे बरीच सापडतील, ज्यांच्या मागे कोणत्या ना कोणत्या गर्दीची हुर्यो आहे.

वादग्रस्त निकाल रोज घडत नाहीत. रटाळ रविवार मात्र वारंवार येतात, आणि चाहत्यांची सर्वांत जुनी तक्रार तीच आहे : मोटारी एकमेकींना ओलांडत नाहीत. त्यामागे हवा आहे. फॉर्म्युला वनची मोटार वळणावर रस्त्याला चिकटून राहते ती मुख्यतः हवेच्या दाबामुळे. पुढचे-मागचे पंख आणि तळ यांची रचनाच अशी असते, की वेग वाढला की मोटार खाली दाबली जाते. परंतु या मोटारीने कापलेली हवा मागे भोवरे होऊन उसळते. पाठलाग करणाऱ्या मोटारीच्या वाट्याला ही विस्कटलेली हवा येते आणि तिचे पंख निकामी होऊ लागतात. सरळ रस्त्यावर पुढच्या मोटारीच्या आडोशाचा फायदा मिळतो. वळणावर मात्र मागची मोटार घसरते, तिचे टायर तापतात आणि चालक नाइलाजाने अंतर राखतो. फॉर्म्युला वनने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, २०२१ची मोटार पुढच्या मोटारीपासून दहा मीटरवर असताना आपला ४६ टक्के दाब गमावत असे. २०२२च्या नव्या रचनेत, ज्यात दाबाचा मोठा हिस्सा मोटारीच्या तळाशी निर्माण होतो, हे नुकसान १८ टक्क्यांवर आणल्याचे सांगण्यात आले. सुरुवातीला फरक जाणवला. मग संघांच्या अभियंत्यांनी नियमांच्या फटी शोधल्या आणि नुकसान पुन्हा वाढत गेले. हवा जितकी स्वतःच्या मोटारीसाठी उपयुक्त आणि मागच्यासाठी घातक करता येईल तितकी करणे, हेच तर त्यांचे काम.

२०११ पासून यावर डीआरएस नावाचा तोडगा होता. ठरावीक पट्ट्यात, पुढची मोटार एका सेकंदाच्या आत असेल, तर मागच्या चालकाला मागच्या पंखाची झडप उघडून वेग वाढवता येई. ओलांडण्याचे आकडे वाढले, पण जुन्या शौकिनांनी नाके मुरडली. बचाव करणाऱ्याच्या हाती काहीच नसेल, तर ती हमरस्त्यावरची ओव्हरटेक झाली, झुंज कसली? २०२६ पासून ही पद्धत रद्द करून मोटारी काहीशा लहान व हलक्या करण्यात आल्या आणि विजेच्या ताकदीवर अधिक भर देण्यात आला.

मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर तर कोणतेही औषध लागू पडत नाही. २०२४ मध्ये तेथे पहिले दहा चालक ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने ७८ फेऱ्यांनंतर पोहोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असे प्रथमच घडले. शार्ल लक्लेर अखेर आपल्या गावी जिंकला, ही त्या दिवसाची एकमेव भावस्पर्शी गोष्ट. पुढच्या वर्षी आयोजकांनी दोनदा टायर बदलण्याची सक्ती केली. संघांनी काय करावे? एका मोटारीला मुद्दाम रेंगाळायला लावून मागची रांग अडवली आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या मोटारीचा थांबा उरकला. जगातील सर्वांत वेगवान मोटारी पाहायला आलेल्यांना मिरवणूक पाहावी लागली, आणि तीही जाणूनबुजून संथ केलेली!

प्रेक्षकांना खूश करण्यासाठी वरून लादलेल्या कल्पनांचे बहुधा असेच होते. २०१४ मध्ये शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण देण्यात आले. एका हंगामातच ते गुंडाळावे लागले. २०१६ मध्ये पात्रता फेरीत दर नव्वद सेकंदांनी एक चालक बाद करण्याची पद्धत आली. मेलबर्नला निर्णायक अखेरच्या मिनिटांत ट्रॅक रिकामा पडला, कारण टायर वाचवण्यासाठी सारे गॅरेजमध्ये बसले होते. बहारिनला पुन्हा तेच झाले आणि तिसऱ्या शर्यतीपासून जुनी पद्धत आली. आवाजाचेही तसेच. २०१४ मध्ये २.४ लिटरची व्ही-८ इंजिने जाऊन १.६ लिटरची टर्बो संकरित इंजिने आली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती अद्भुत आहेत, पण छातीत धडधड उठवणारा तो कर्कश नाद गेला. मेलबर्नच्या आयोजकांनीच त्याबद्दल तक्रार केली.

अर्थात चाहत्यांचे म्हणणे नेहमीच बरोबर असते, असेही नाही. २०१५ मध्ये चालकांच्या संघटनेने घेतलेल्या पाहणीत दोन लाखांहून अधिक लोकांनी मते नोंदवली. बहुसंख्यांना शर्यतीत इंधन भरण्याची पद्धत परत हवी होती आणि टायर कंपन्यांची स्पर्धाही. इंधन भरण्याच्या काळात मोटारी बहुतांशी पिटमध्येच एकमेकींना ओलांडत असत, आणि टायर कंपन्यांच्या स्पर्धेनेच इंडियानापोलिस घडवले होते. गतकाळ आठवताना माणूस रटाळ शर्यती विसरतो. एकाच संघाची मक्तेदारीही काही नवी नाही. १९८८ मध्ये मॅक्लारेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या होत्या, २०२३ मध्ये रेड बुलने बावीसपैकी एकवीस. पहिल्या हंगामाला सुवर्णयुग म्हणणारे अनेक जण दुसऱ्याला निद्रानाशावरचा उपाय म्हणतात. फरक बहुधा इतकाच, की १९८८ मध्ये एकाच संघात आयर्टन सेना आणि अ‍ॅलन प्रोस्ट होते.

पैशाबाबतचा राग मात्र पूर्णतः रास्त आहे. २०१७ मध्ये लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीने फॉर्म्युला वनची मालकी घेतली. दूरचित्रमालिकेमुळे नवा, तरुण, स्त्रियांचे प्रमाण अधिक असलेला प्रेक्षकवर्ग आला, हे तिचे श्रेय. १९५० मध्ये सात शर्यतींचा असलेला हंगाम २०२४ मध्ये चोवीसवर गेला. तिकिटे महागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये लास वेगासला सरावाची पहिली फेरी आठ-नऊ मिनिटांतच थांबली, कारण रस्त्यातले एक लोखंडी झाकण उखडून कार्लोस साइन्सच्या फेरारीखाली आदळले होते. दुसरा सराव रात्री अडीच वाजता सुरू झाला. तोवर प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढण्यात आले होते. केवळ त्या रात्रीचे तिकीट घेतलेल्यांना भरपाई म्हणून काय मिळाले? अधिकृत दुकानात खर्च करण्यासाठी दोनशे डॉलरचे कूपन. प्रकरण न्यायालयात गेले. इंडियानापोलिसला निदान तिकिटाचे पैसे परत देण्याची भाषा झाली होती.

भारतातील चाहत्याने हे सारे बहुतांशी पडद्यावर पाहिले आहे. युरोपातील शर्यतींची वेळ येथे रविवारी संध्याकाळची, म्हणजे मुंबई-पुण्याच्या घरांत पाहुण्यांशी आणि क्रिकेटशी स्पर्धा करणारी. प्रत्यक्ष शर्यत पाहण्याचे भाग्य त्याला तीनच वेळा लाभले : ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये. पहिल्या दिवशीच्या सरावात ट्रॅकवर कुत्रा शिरला याची जगाने चेष्टा केली. परंतु मैदान चालकांना आवडले होते. शर्यत बंद पडली ती कर आणि कागदपत्रांच्या गुंत्यात. हा खेळ की करमणूक, करमणूक कर लागू की नाही, संघांच्या सामानावर सीमाशुल्क किती, उत्पन्नावर प्राप्तिकर कोणाचा, असे वाद चालत राहिले. फॉर्म्युला वन कंपनीचे भारतातील उत्पन्न करपात्र असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१७ मध्ये. तोवर शर्यत जाऊन साडेतीन वर्षे झाली होती.

तिन्ही वर्षे जिंकला सेबॅस्टियन व्हेटेल. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याने येथेच सलग चौथे जगज्जेतेपद निश्चित केले. नियमानुसार त्याने मोटार थेट तपासणीच्या जागी न्यायला हवी होती. त्याऐवजी तो मुख्य प्रेक्षागाराच्या समोर थांबला, धुराचे लोट उठेपर्यंत मोटार जागच्या जागी गरागरा फिरवली, उतरून तिच्यापुढे वाकला आणि मग कुंपणावर चढून आपले हातमोजे गर्दीत फेकले. भारतीय प्रेक्षकांना मिळालेला हा सर्वांत संस्मरणीय क्षण. त्याबद्दल व्हेटेलला समज देण्यात आली आणि त्याच्या संघाला २५ हजार युरो दंड झाला.